पपासाठी तनाखा

"पाणी बेतानं घाल गं, भज्यांचं पीठ नाही कालवत आपण," ओन च्वेबाई म्हणाल्या.

सुनेनं, यिन मारनं, हात आखडला. सासूबाई सहाणेवर तनाख्याचं खोड गोल गोल फिरवत होत्या. साल झिजत होती, पिवळसर गंध जमत होतं. त्यातलं थोडं दोघींच्या गालांना, उरलेल्याच्या वड्या थापून उन्हात. वाळल्या की पेनांगला, कारखान्यात कामाला गेलेल्या लेकीला, पपाला, पाठवायच्या. बाजारातली डबी तिला चालायची नाही.

पण पपा आता या जगातच नव्हती. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. क्रियाकर्मही तिकडेच उरकलं. तो फोन यिन मारनंच घेतला होता. नवरा नदीवर, बोटीवर कामाला. तिनं त्याला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "आईला कळू देऊ नकोस. बाबा गेले तेव्हा तिनं अन्न सोडलं होतं. आता उठायची नाही ती."

तेव्हापासून यिन मार वड्या टपालात टाकते म्हणून निघायची आणि माहेरी पेटीत ठेवून यायची. पपाचा निरोप आलाय म्हणून मोबाईलवरून मनचंच काहीबाही वाचून दाखवायची. लेकीचा आवाज ऐकव, असं सासूबाई कधी म्हणाल्या नाहीत, हे नशीबच म्हणायचं.

"काय म्हणतेय?" आजही त्यांनी विचारलं.

"वड्या छान झाल्यात म्हणे. मैत्रिणी हिसकावून नेतात."

"नेणारच. फुकटचं कोण सोडतंय?" सासूबाई हसल्या. मग त्यांनी सुनेची हनुवटी धरली. "हलू नकोस. काय ही तोंडाची रया! जेवतेस की नाही धड?"

गार गंध गालाला लागलं आणि यिन मारचे डोळे भरून आले.

"डोळ्यात गेलं," ती म्हणाली.

"जातं कधी कधी," सासूबाई म्हणाल्या आणि बोटानं तिचा डोळा टिपला.

पपाला जाऊन वर्ष झालं त्या सकाळी यिन मार टपालाचं निमित्त काढून मठात गेली. डब्यात भात, माशाचं कालवण, वर चार केळी. माणूस गेलं की सातव्या दिवशी त्याच्या नावानं भिक्षूंना जेवण द्यायचं, नाहीतर जीव घराभोवती घोटाळत राहतो. घरात कळू द्यायचं नाही म्हणून ते राहून गेलं होतं. वर्षभर ही गोष्ट तिला आतून खात होती. थोरल्या भन्तेंपुढे बसून तिनं सगळं सांगून टाकलं, वड्यांचं, निरोपांचं, सगळं.



"सातव्या दिवसाचं राहिलेलं नाही," भन्ते म्हणाले. "तुझ्या सासूनं, ओन च्वेनं, तेव्हाच दिलंय. तुझं फोनवरचं बोलणं तिनं बांबूच्या भिंतीपलीकडून ऐकलं होतं."

यिन मारनं मान वर केली.

"मग रोज उगाळतात त्या... कुणासाठी?"

"मीही तेच विचारलं होतं. म्हणाली, 'सुनेसाठी. मला सांभाळतेय या एका विचारावर उभी आहे ती. मला ठाऊक आहे हे तिला सांगू नका भन्ते, पोर खचेल.'"