पंधरा मिनिटं

आई गेल्यावर विहंगने बाबांना वर्ध्याहून कोलकात्याला, आपल्या न्यू टाउनच्या फ्लॅटवर आणलं. प्रभाकरराव दिवसभर गॅलरीत गप्प बसायचे. काही विचारलं तर "बरंय" एवढंच.

त्यातच विहंगची बायको सुरुची चपट्या नाकाचं, पग जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. ते खाल्लेलं सगळं जसंच्या तसं बाहेर काढायचं, कधी चटईवर, एकदा तर विहंगच्या लॅपटॉपवर. प्राण्यांच्या डॉक्टर मित्राबाईंनी तपासून सांगितलं, "दिवसातून चारदा थोडं थोडं भरवा आणि नंतर पंधरा मिनिटं खांद्याशी उभं धरा."

विहंग-सुरुची दोघंही ऑफिसात, म्हणून हे काम बाबांकडे आलं. सुरुवातीला ते घड्याळाकडे बघत पिल्लाला धरून उभे राहायचे. मग त्याला घेऊन घरभर फिरायला लागले, त्याच्याशी बोलायला लागले. बँकेतल्या बदल्या, आईचे रुसवे, सगळं त्याला सांगून झालं. "तुझ्या आजीने तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं," असं म्हणून एकदा चक्क हसले.

दोन महिन्यांत उलटणं पार थांबलं. विहंगने ऑफिसातून डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, आता उभं धरायची गरज नसेल, तरी बाबांनी विचारलं तर 'आहे' म्हणून सांगाल का?"

पलीकडे मित्राबाई हसल्या.

"त्यांनी मागच्याच आठवड्यात विचारलं. 'गरज नाही' म्हटलं, तर म्हणाले, मुलाने विचारलं तर 'आहे' म्हणून सांगा."