तोंडानं म्हटलं नाही तर

नऊ वर्षं बादशहांच्या जुन्या फारसी तवारिखा उकरून उकरून अंजनाचे डोळे पार खोल गेले होते. शेवटी आज कोल्हापुरात तिच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, आणि तिला आता पदवीपेक्षा झोप हवी होती. "राजा 'माफ केलं' म्हणतो, त्याच क्षणी माफी घडते. इथं बोलणं हीच कृती असते. तोंडानं म्हटलं नाही, तर माफीच नाही," तिनं एकदाचा निष्कर्ष वाचून टाकला.

खरं तर हे तिला ग्रंथांनी शिकवायची गरजच नव्हती. मनाजोगतं लग्न केलं म्हणून वडिलांनी, आबांनी, तिला गडहिंग्लजच्या घरातून बाहेर काढलं, त्यालाही नऊच वर्षं झाली होती. दर दिवाळीला एसटीनं गुळाची ढेप तेवढी यायची, पण सोबत ना चिठ्ठी, ना फोन. 'माफ केलं' हे दोन शब्द काही आले नाहीत.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं. अशा वेळी कुणी काही विचारत नसतं, सगळ्यांचं लक्ष कचोरीच्या बॉक्सकडे असतं.

पण मागच्या रांगेतून टोपी सारखी करत एक म्हातारा उठला. अंजनाच्या हातातले कागद घसरले. आबा!

"मॅडम, एक इच्यारू का? समजा, चूक राजाचीच हाय. पर त्याला बोलायचं जमंना, म्हणून दरसाली नुसता गूळ धाडतोय...

तर त्यानं माफी मागितली, असं धरायचं का न्हाय?"