आधी पाण्यात

थोरल्या जाऊबाईंच्या वाढदिवसाला आम्ही घरच्यांनी अख्खी बोट ठरवली होती. तलावाच्या पलीकडच्या काठावर थीम पार्क आहे. तिथली आतषबाजी बोटीतून बघायची, एवढाच बेत.

चालकाने बोट मधोमध थांबवून दिवे बंद केले. "एकाच बाजूला गर्दी करू नका," त्याने बजावलं. ऐकतंय कोण? सगळे कठड्याला चिकटले.

पाण्यात लाल फूल उमललं. मग तेच वर आकाशात उमललं.

मला वाटलं, भास असेल. पुढचं हिरवं नीट निरखलं. आधी पाण्यात, मग वर. निळंही तसंच.

"अरे, खाली पाण्यात बघ ना जरा," मी नवऱ्याला म्हटलं.

"आतषबाजी वर असते गं," मान खाली न करताच तो म्हणाला.

"या रे सगळे इकडे, फोटो काढू!" जाऊबाईंनी हाक दिली. मागे बसलेले सासू-सासरेही उठून आमच्यात आले. बोट किंचित कलली, तशी सगळ्यांना हसू फुटलं.

तेवढ्यात पाणी पांढरंशुभ्र उजळलं. त्यात आमची बोट लख्ख दिसली. कठडा दिसला, कठड्याला बांधलेले जाऊबाईंचे फुगे दिसले. कठड्याशी कुणीच नव्हतं.

मी नवऱ्याचा हात गच्च धरून वर पाहिलं. आकाश अजून काळंच होतं.