हरलेल्या संघाची मिरवणूक

शेवटच्या सामन्यातही पेठेच्या संघाने चार गोल खाल्ले. पाठीराखे शिव्या घालत मध्यंतरालाच निघून गेले. जिंको किंवा हरो, पोरांना तालमीपर्यंत मिरवत न्यायचा पेठेचा रिवाज होता. आज त्यासाठी एकटे हिंदुरावमामा उरले होते. त्यांनी झेंडा उचलला. पोरं माना खाली घालून मागून निघाली.

दुसऱ्या पेठेच्या कोपऱ्यावरून आवाज आला, "मामा, सातच्या सात सामने हरलासा. आता या की आमच्यात."

मामा थांबले. बायको वारून चारच महिने झाले होते.

"मी तीन धंदे बुडवले," ते म्हणाले. "पण शेजारणीचा नवरा बरा, असं आमची बायको कधी म्हणाली न्हाई."

मागच्या पोरांतला गोलकीपर पुढे आला. "मामा, झेंडा द्या हिकडं. हात दुखत असंल."

"न्हाई दुखत," म्हणत मामांनी झेंडा आणखी वर धरला.