दारावरचा माणूस

ब्राझीलच्या मिनास राज्यातल्या आमच्या गावचा तुरुंग कैद्यांवर विश्वास टाकून चालतो. तिथं बंदूकवाला पहारेकरी नाही; मुख्य दाराची किल्लीसुद्धा कैद्याच्याच हातात असते. गेली चार वर्षं ती जांदीरकडे आहे. डोना नोएमियाच्या नवऱ्याचा खून त्यानंच केला होता.

दर रविवारी चर्च सुटलं की डोना नोएमिया थेट त्या दारासमोर येऊन उभी राहायची. "पळ ना रे कुत्र्या! किल्ली आहे ना हातात? पळ, म्हणजे पोलीस तरी तुला गोळी घालतील!"

जांदीर मान खाली घालून म्हणायचा, "डोना, ऊन फार आहे. सावलीत तरी उभ्या राहा."

"तुझ्या सावलीपेक्षा उन्हात मेलेली बरी!" म्हणत ती थुंकायची, आणि संध्याकाळपर्यंत तो कधी पळतो याची वाट बघत बसायची.

यंदा तिच्याच थोरल्या मुलानं, डार्लननं, दारूच्या भरात एकाला भोसकलं. शहरातल्या मोठ्या तुरुंगातून माणूस जिवंत परत येईल याची खात्री नसते, म्हणून ती न्यायाधीशांपुढे हात जोडून उभी राहिली. "साहेब, त्याला आमच्या गावच्या तुरुंगात पाठवा."

न्यायाधीश चकित झाले. "अहो बाई, तिथं तुमच्या नवऱ्याचा खुनी आहे! आणि तुमचा मुलगा आत्तापर्यंत दोनदा पोलीस कोठडीतून पळालाय."



"त्या हरामखोराला मी मरेपर्यंत माफ करणार नाही, साहेब. पण चार वर्षं मी पळ पळ म्हणतेय, तो जागचा हलला नाही. माझ्या पोराची खाट त्याच्याच शेजारी लावा."