कढईचा निकाल

“तुमची ती परदेशी भाजी मला आवडली तर कुंड्या राहतील. नाहीतर आजच गच्ची रिकामी करा, माझे पापड वाळायचेत,” अनसूयाबाईंनी नवऱ्याला बजावलं.

म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच दत्तोबांनी विळी पुढ्यात ओढली. लेकरासारखी वाढवलेली स्विस चार्डची लाल देठांची पालेभाजी चिरली, लसणाची चरचरीत फोडणी दिली, वर दाण्याचं कूट भुरभुरलं.

अनसूयाबाई मुकाट जेवल्या. ना पुन्हा वाढून घेतलं, ना बरी म्हणाल्या. दत्तोबांनी हात धुतले आणि गच्चीतून पहिली कुंडी उचलून ते जिना उतरले.

स्वयंपाकघराच्या दाराशी पाय थबकले. अनसूयाबाई भाकरीच्या तुकड्यानं कढई पुसून खात होत्या.

“अगं, मग आवडली म्हणायचं की!”

“म्हणजे तुम्ही शेफारायला मोकळे! ते लाल देठ कुठंयत?”

“फेकले.”

“फेकले? अहो, उकडून दह्यात कालवले की झकास देठी होते. एवढे केस पांढरे झाले, पण अक्कल नाही आली! जा, आणखी पानं तोडून आणा. देठांसकट!”

दत्तोबा कुंडी पोटाशी धरून दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले.