राहीची फुंकर

ड्रॉपर बरणीच्या काठाला टणकन लागला, आणि पंखासुद्धा बंद असलेल्या कात्रपमधल्या त्या गप्प घरात कुंदा केवढी दचकली! खाली तिची मुलगी राही मैत्रिणींबरोबर लंगडी खेळत होती. उद्या तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं.

महिनाभर पोर नळीने बरणीतल्या पाण्यात फुंकत होती. पाण्यातल्या पट्ट्यांना चार्जरने वीज दिली की फुंकरीतल्या कार्बन डायऑक्साइडचं फॉर्मिक ॲसिड होतं, लाल मुंगीच्या अंगात असतं तेच, हे तिला बीएस्सी झालेल्या कुंदानेच शिकवलं होतं. पण झाकण उघडलं की वास काही येत नसे, आणि राहीचं तोंड एवढंसं व्हायचं. ते काही बघवेना. शेवटी नवऱ्याने अंबरनाथच्या कारखान्यातून आणलेल्या बाटलीतलं तेच ॲसिड कुंदाने आज ड्रॉपरने गुपचूप बरणीत सोडलं.

संध्याकाळी राहीने बरणीला नाक लावलं आणि ती ओरडलीच, "आई गं, झोंबलं! झालं गं, झालं!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या नंबराचा कप छातीशी धरून ती धावत घरी आली.

"बाई विचारत होत्या, खरंच विजेने झालं का? मी म्हटलं, आमची आई कधीच खोटं बोलत नाही."

कुंदाने तिला पोटाशी धरलं. कपाकडे काही तिला बघवेना.

 

"पण आई, परवा गुरुवारी वास नव्हता. आणि काल तर दिवसभर लाईटच नव्हती. मग ॲसिड झालं कसं गं?"